बालजीवनचित्रण, एकोणिसाव्या शतकातील

मुलांचे खेळ, शाळा, खोड्या, प्रार्थना, आजारपण आणि घरातील माणसांशी असलेले त्यांचे नाते यांचे भावविवश दर्शन घडविणारा यूरोपीय चित्रकलेतील एक प्रकार. सामान्य जनांच्या दैनंदिन जीवनातील प्रसंग रंगविणाऱ्या लोकजीवनचित्रणाची (‘झाँर’ चित्रकलेची) ही एक शाखा होय. फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इ. देशांतही तिचा प्रसार झाला. तथापि व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडमध्ये ती घराघरांत पोहोचली. त्या काळातील मुले प्रत्यक्षात कशी जगत होती, ह्याचा पुरावा म्हणून ही चित्रे फारच अपुरी आहेत. मात्र मूल कसे असावे, त्याने कोणापुढे नम्र व्हावे आणि कोणते मूल कळवळ्यास पात्र समजावे, ह्यांविषयी तत्कालीन मध्यम वर्गाच्या ज्या धारणा होत्या, त्यांचे इतके बोलके साधन क्वचितच आढळते.

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी, विशेषतः यान स्टेनने, मुले मुबलक रंगविली. परंतु त्यांची मुले बहुधा वडीलधाऱ्यांच्या दुर्गुणांचे अनुकरण करणारी, दांडगी अशी आहेत. मूल जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येते, ह्या जुन्या ख्रिस्ती श्रद्धेशी असे चित्रण सुसंगतच होते. अठराव्या शतकात ही दृष्टी पालटू लागली. रूसोच्या एमील (१७६२) ह्या ग्रंथाने मूल स्वभावतः निर्मळ असते व समाज त्याला बिघडवितो, हा विचार यूरोपभर रुजविला. ब्लेक, वर्ड्‌स्वर्थ आदी स्वच्छंदतावादी कवींनी त्याला भावनेची जोड दिली. चित्रकलेत ह्या नव्या मुलाचे आद्य रूप सर जोशुआ रेनल्ड्सच्या द एज ऑफ इनोसन्स (म. शी. निरागस वय) ह्या चित्रात दिसते. झाडाखाली अनवाणी बसलेल्या, छातीशी हात धरलेल्या ह्या चिमुकल्या मुलीचे चित्र १७८० नंतरच्या दशकातील असून त्याचे आज रूढ असलेले शीर्षक रेनल्ड्सच्या मृत्यूनंतर १७९४ च्या मुद्राचित्रामुळे प्रचलित झाले. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात ते आल्यावर १८५६ ते १८९३ ह्या काळात त्याच्या तीनशेहून अधिक पूर्णाकार तैलप्रतिकृती काढण्यात आल्या. निरागसता हाच बालपणाचा धर्म, हे समीकरण त्या पिढ्यांच्या मनात किती घट्ट बसले होते, ह्याची त्यावरून कल्पना येते. बालपण ही स्वतंत्र अवस्था मानण्याची कल्पनाच यूरोपात अर्वाचीन आहे, असे प्रतिपादन फ्रेंच इतिहासकार फिलिप आर्येस ह्याने १९६० मध्ये केले. नंतरच्या अभ्यासकांनी ते जसेच्या तसे मान्य केलेले नाही. परंतु बालपणाच्या प्रतिमेला इतिहास असतो, हे त्याचे मूळ सूत्र टिकून आहे.

ही चित्रे विकत घेणारा वर्ग नवा होता. अभिजात पुराणकथा किंवा इतिहासातील प्रसंग रंगविलेल्या भव्य चित्रांसाठी सरदारी प्रासाद व अभिजात शिक्षण लागे; उद्योगधंद्यांत पैसा मिळविलेल्या गृहस्थाला बैठकीच्या खोलीत मावेल, पाहताक्षणी कळेल आणि कुटुंबासमवेत निःसंकोचपणे पाहता येईल, असे चित्र हवे असे. लीड्सच्या कापड उद्योगात संपन्न झालेला जॉन शीपशँक्स आणि घोड्यांच्या व्यापारात श्रीमंत झालेला रॉबर्ट व्हर्नन हे ह्या अभिरुचीचे प्रमुख आश्रयदाते होत. व्हर्ननने १८४७ मध्ये आपला संग्रह राष्ट्राला दिला; शीपशँक्सने १८५७ मध्ये २३३ तैलचित्रे साउथ केन्झिंग्टन येथील संग्रहालयाला (आजचे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयम) अर्पण केली. ज्यांना मूळ चित्र परवडत नसे, त्यांच्यासाठी मुद्राचित्रे होती. अनेकदा चित्राच्या किंमतीपेक्षा त्याच्या पुनर्मुद्रणाच्या हक्काला अधिक मोल येई.

विल्यम कॉलिन्सचे (१७८८–१८४७) रस्टिक सिव्हिलिटी (१८३२, म. शी. ग्रामीण शिष्टाचार) हे चित्र ह्या प्रकारातील सामाजिक आशय समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. रानवाटेवरील लाकडी फाटक खेड्यातील मुलांनी उघडून धरले आहे; त्यांतील एक मुलगा कपाळावरील केसांना हात लावून मुजरा करीत आहे, तर धाकटे मूल बुजून मागे दडले आहे. मुजरा कोणाला, ते चित्रात दिसत नाही. फक्त पुढच्या जमिनीवर घोडा व त्यावरील स्वार ह्यांची सावली पडलेली आहे. चित्र पाहणारा ज्या जागी उभा असतो, तीच त्या स्वाराची जागा होय. साहजिकच मुजरा स्वीकारण्याचे सुख प्रेक्षकाच्या वाट्याला येते. ह्या चित्राच्या अवघी दोन वर्षे आधी, १८३० मध्ये, दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांनी मळणीयंत्रे मोडून व गंजी पेटवून जमीनदारांना हादरविले होते. ह्या पार्श्वभूमीवर फाटक उघडणाऱ्या त्या गोड मुलाकडे पाहिले म्हणजे त्याच्या लोकप्रियतेचा उलगडा होतो. शीपशँक्सच्या संग्रहातही ह्या चित्राची एक आवृत्ती होती. फाटकावर झोके घेणाऱ्या मुलांचे हॅपी ॲज अ किंग (१८३६) हे कॉलिन्सचेच चित्र गरिबीतील समाधानाचा असाच निर्वाळा देते.

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या विल्यम मलरेडीची (१७८६–१८६३) मुले तुलनेने खरी आहेत. ती भांडतात, शाळेला उशिरा येतात, शिक्षकाच्या उपरोधाने कानकोंडी होतात. त्याचे ट्रेन अप अ चाइल्ड (१८४१) हे चित्र भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याचे मूळ लांबलचक शीर्षक मुलाला योग्य वाट लहानपणीच लावण्याविषयीच्या बायबलमधील वचनावरून घेतलेले आहे. एका सावलीच्या वाटेवर दोन तरुण स्त्रिया एका लहान मुलाला भिक्षा देण्यास उत्तेजन देत आहेत आणि समोर भिंतीशी तीन सावळे, अंगावर वस्त्रे लपेटलेले परदेशी याचक आहेत. हे ‘लस्कर’, म्हणजे हिंदी खलाशी. बंगाल, कोकण, गुजरात इ. किनाऱ्यांवरून जहाजांवर घेतलेले असे खलाशी परतीच्या सफरीपर्यंत, कधी कधी कायमचेच, लंडनच्या बंदरात निराधार अवस्थेत सोडून दिले जात. चित्रात मुलाच्या चेहऱ्यावर दयेपेक्षा भीती अधिक आहे, आणि ती मलरेडीने प्रामाणिकपणे रंगविली आहे. तथापि खलाशांवर ही वेळ का आली, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेरच राहतो. साम्राज्याच्या व्यापाराने देशोधडीला लागलेली माणसे येथे एका इंग्रज मुलाला परोपकाराचा धडा देण्यापुरतीच हजर आहेत.

टॉमस वेब्स्टरने (१८००–८६) शाळेला आपला विषय केले. द स्माइल व द फ्राउन (१८४१) ह्या जोडचित्रांत बाकावर ओळीने बसलेल्या मुलांचे चेहरे आहेत. एकात शिक्षकाचे हास्य आणि दुसऱ्यात त्याच्या आठ्या त्या चेहऱ्यांवर उमटल्या आहेत. वेब्स्टरची विनोदबुद्धी निखळ आहे आणि मुलांच्या चेहऱ्यांवरील सूक्ष्म फरक टिपण्यात त्याची बरोबरी करणारे थोडेच. त्याच्या अ डेम्स स्कूल (१८४५) ह्या चित्रातील शाळा म्हणजे एखाद्या वृद्धेने आपल्या झोपडीत चालविलेली गावठी शाळा होय. अशा शाळांतील शिक्षणाच्या दर्जावर शासकीय निरीक्षक कडक ताशेरे ओढीत असतानाच चित्रांतून त्यांना आजीच्या मायेची ऊब चढत होती. १८५० नंतरच्या दशकात केंट परगण्यातील क्रॅनब्रुक ह्या गावी फ्रेडरिक डॅन्येल हार्डी, वेब्स्टर, जॉर्ज बर्नार्ड ओनील, जॉन कॉलकॉट हॉर्स्ली इ. चित्रकार एकत्र आले. त्यांची स्वच्छ झोपड्यांतील गुटगुटीत मुले औद्योगिक शहरांतील ग्राहकांना फार प्रिय झाली. ह्या चित्रांचा एक मोठा संग्रह वुल्व्हरहॅम्प्टन येथे सिडनी कार्टराइट ह्या पत्र्याची खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने केला होता. १८८७ मध्ये तो त्या शहराच्या कलावीथीला मिळाला.

कुटुंब आणि त्यातील स्त्री-पुरुषांच्या भूमिका ह्या चित्रांतून ठळक होतात. जॉर्ज एल्गर हिक्सच्या वूमन्स मिशन (१८६३) ह्या चित्रत्रयीत स्त्रीचे जीवितकार्य बालपणाची मार्गदर्शक, पुरुषाची सहचरी व वार्धक्याचा आधार असे तीन चौकटींत वाटून दिले आहे. पहिल्या चौकटीतील माता रानवाटेवर मुलाचे पाऊल सांभाळते. मुलांच्या भातुकलीतही मुलगे डॉक्टर किंवा सैनिक होतात आणि मुली बहुधा बाहुली सांभाळतात. विल्यम पॉवेल फ्रिथच्या मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे (१८५६) ह्या चित्रात तीन पिढ्यांच्या सुखी कुटुंबात एका लहान मुलीचा वाढदिवस साजरा होत आहे. त्यासाठी चित्रकाराने आपलेच आप्त नमुने म्हणून वापरले. फ्रिथला विवाहित पत्नीपासून बारा मुले झाली, त्याशिवाय दुसऱ्या एका स्त्रीपासून सात. ही माहिती अर्थातच चित्राच्या मूल्यमापनास लागू पडत नाही; परंतु आदर्श कुटुंबाची प्रतिमा रंगविणे आणि तिच्यानुसार वागणे ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे तिच्यावरून दिसते.

ज्यांना ह्या चित्रांत जवळजवळ स्थानच नाही, ती मुले म्हणजे गिरण्यांतील व खाणींतील बालकामगार. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले कामास ठेवण्यास बंदी घालण्यात आली (रेशीम गिरण्यांचा अपवाद होता) आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून देण्यात आली. कायद्याने अशी मर्यादा घालावी लागली, ह्यातच पूर्वीची स्थिती स्पष्ट होते. १८४२ च्या शासकीय चौकशी अहवालात काळोख्या भुयारांतून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलामुलींची साधी काष्ठमुद्रिते छापली होती. त्यांनी जो हलकल्लोळ माजला, त्यातून त्याच वर्षी स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामास मनाई करणारा कायदा झाला. रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनांतील चित्रकारांनी मात्र ह्या विषयाला क्वचितच हात घातला. विगन येथील गिरणीकामगार मुलींची मधली सुटी रंगविणारे आयर क्रोचे चित्र (१८७४) हा विरळा अपवाद असून त्यातही सारे काही स्वच्छ व प्रसन्न आहे.

असे असले, तरी ही चित्रे केवळ वास्तवावर घातलेले पांघरूण होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. मूल म्हणजे खेळणारा, शिकणारा, जपावा असा जीव, ही प्रतिमा लक्षावधी भिंतींवर टांगली गेल्यावर तिच्याशी विसंगत असलेले दृश्य लोकांच्या डोळ्यांत अधिक खुपू लागले. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने बालकामगारांवर १८४३ मध्ये लिहिलेल्या कवितेचा आघात ह्याच अपेक्षाभंगावर आधारलेला आहे. पुढे १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांची व्यवस्था झाली आणि १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंत शाळेत जाणे सक्तीचे झाले. मात्र ह्या जागृतीची गती पाहण्यासारखी आहे. लंडनमध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून वाचविणारी संस्था १८२४ मध्ये निघाली. मुलांसाठी तशी संस्था निघण्यास १८८४ साल उजाडले. आईबापांच्या छळापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी झाला. घर हे पवित्र आहे, ही धारणा चित्रांनीच दृढ केलेली असल्यामुळे त्याच्या उंबऱ्याआत कायद्याने शिरणे बराच काळ अप्रशस्त वाटत राहिले.

शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावरची मुले चित्रविषय झाली. ऑगस्टस एड्विन मलरेडीच्या फुले विकणाऱ्या मुली, टॉमस बेंजामिन केनिंग्टनचे ऑर्फन्स (१८८५) अशा चित्रांत दारिद्र्य आहे. पण ते अशा मोठ्या, पाणावलेल्या डोळ्यांतून पाहते की, पाहणाऱ्याच्या मनात अपराधापेक्षा कणव जागावी. जो मुलगा कळवळ्यास पात्र, तो गोरागोमटा, शांत आणि एकटा असतो. टोळीने हिंडणारा, शिव्या देणारा मुलगा ह्या दयेच्या कक्षेत सहसा येत नाही. डॉरथी टेनंट ह्या चित्रकर्तीने १८९० मध्ये असा आक्षेप घेतला की, रस्त्यावरच्या मुलांची बहुतेक चित्रे खोटी व रचलेली असतात. ती स्वतः हसणारी, कोलांट्या मारणारी पोरे रंगवी. मात्र त्यांना आपल्या चित्रशाळेत बसविताना तीही स्वच्छ करून ठेवलेल्या चिंध्या वापरी. छायाचित्रणालाही हा मोह सुटला नाही. अनाथ मुलांसाठी आश्रम चालविणाऱ्या डॉ. टॉमस बार्नार्डोने मुलांची आश्रमात येण्यापूर्वीची व नंतरची अशी जोडछायाचित्रे विकून निधी उभारला. परिणाम वाढविण्यासाठी मुलांचे कपडे मुद्दाम फाडल्याचे आरोप झाले आणि १८७७ मध्ये लवादाने अशा बनावट चित्रणाबद्दल त्याला दोष दिला. खरोखरच निराधार असलेल्या मुलाला मदत मिळण्यासाठी आधी चित्रातल्या निराधार मुलासारखे दिसावे लागत होते.

बालमृत्यू हा ह्या चित्रप्रकारातील अत्यंत गंभीर विषय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व वेल्समध्ये जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकी सु. १५० पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणून आजच्या वाचकाला जे भावविवश वाटते, ते तत्कालीन प्रेक्षकाला घरातले वाटत असे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. फ्रँक हॉलच्या (१८४५–८८) हश! आणि हश्ड (१८७७) ह्या जोडचित्रांपैकी पहिल्यात दरिद्री घरातील आई आजारी बाळ झोपावे म्हणून थोरल्या मुलीला गप्प करीत आहे. दुसऱ्यात तीच खोली, तोच पाळणा, आणि आता कोणाला गप्प करण्याची गरज उरलेली नाही. येथे उपदेश नाही, दैवी सांत्वनाचा कवडसाही नाही. सर ल्यूक फिल्ड्सच्या द डॉक्टर (१८९१) ह्या चित्रात दोन खुर्च्या जोडून निजविलेल्या मुलाकडे एकटक पाहणारा डॉक्टर मध्यभागी असून आईबाप मागच्या अंधारात आहेत. फिल्ड्सचा स्वतःचा मुलगा १८७७ च्या नाताळात वारला होता. ह्या चित्राला पुढे वेगळेच आयुष्य लाभले : १९४९ मध्ये अमेरिकन वैद्यकांच्या संघटनेने शासकीय आरोग्यविम्याला विरोध करण्यासाठी ते भित्तिपत्रकावर छापले. चित्रातल्या झोपडीतील बाप डॉक्टरचे शुल्क कसे देणार, हा प्रश्न त्या भित्तिपत्रकाने अनुत्तरित ठेवला.

सर जॉन एव्हरेट मिले (१८२९–९६) ह्याच्या उत्तरायुष्यातील चित्रांत ही परंपरा कळसाला पोहोचली, आणि तेथेच ती बाजारपेठेत विरघळली. माय फर्स्ट सर्मन (१८६३) मध्ये लाल झग्यातील त्याची मुलगी चर्चमध्ये ताठ बसून प्रवचन ऐकते. पुढच्याच वर्षीच्या जोडचित्रात ती गाढ झोपली आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपलाही ह्या विनोदाची जाहीर दखल घ्यावीशी वाटली. चेरी राइप (१८७९) मध्ये रेनल्ड्सने शंभर वर्षांपूर्वी रंगविलेल्या पेनेलपी बूथ्बीसारखा पोशाख केलेली मुलगी आहे. म्हणजे जे बालपण हरवले म्हणून हळहळ, तेही पूर्वीच्या एका चित्रातूनच उसने घेतलेले. द ग्राफिक ह्या साप्ताहिकाने नाताळ अंकासोबत दिलेल्या त्याच्या रंगीत प्रतींचा खप सु. सहा लाखांवर गेला आणि त्या वसाहतींतही पोहोचल्या. साबणाचे फुगे पाहणाऱ्या आपल्या नातवाचे चित्र मिलेने १८८६ मध्ये काढले. फुगा हे डच परंपरेतील क्षणभंगुरतेचे चिन्ह. हे चित्र हक्कांसह पेअर्स कंपनीने २,२०० पौंडांना घेतले व त्यात साबणाची वडी घालून बबल्स ह्या नावाने जगभर जाहिरात केली. मिलेला हे रुचले नव्हते, पण हक्क विकले गेलेले असल्याने तो ते थांबवू शकत नव्हता. मारी कोरेली ह्या लेखिकेने आपल्या कादंबरीत त्याच्यावर ह्याबद्दल टीकाही केली. चित्रातला मुलगा पुढे आरमारात ॲडमिरल झाला. ‘बबल्स’ हे नाव मात्र त्याला जन्मभर चिकटले.

विसाव्या शतकातील नवकलेच्या समीक्षकांनी ह्या सर्व चित्रांना कथाळू व अश्रुलोलुप ठरवून बाजूला सारले आणि अनेक संग्रहालयांनी ती तळघरांत ठेवली. १९६० नंतर सामाजिक इतिहासकारांनी ती पुन्हा बाहेर काढली. ॲन हिगोनेट ह्या अमेरिकन कलेतिहासकार विदुषीने १९९८ मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, रेनल्ड्सपासून चालत आलेली निरागस मुलाची प्रतिमा जाहिराती, शुभेच्छापत्रे व कौटुंबिक छायाचित्रे यांतून आजही वावरते. हार्डी किंवा वेब्स्टर यांच्या कौशल्याचे मोल ह्यामुळे वाढत नाही की घटतही नाही. पण हॉलसारख्या चित्रकाराकडे कलासमीक्षेने केलेले दुर्लक्ष अन्यायाचे होते, हे आता मान्य होऊ लागले आहे.

ब्रिटिश राजवटीबरोबर कलाशाळा, वार्षिक प्रदर्शने व रंगीत शिलामुद्रिते भारतात आली आणि त्यांच्यासोबत ह्या भावनेची भाषाही. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) ह्या मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या चित्रकाराने पारशी घरांतील शांत प्रसंग ह्या पद्धतीने रंगविले. शिलामुद्रणासाठी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढणाऱ्या राजा रविवर्म्याच्या देअर कम्स पापा (१८९३) ह्या चित्रात मुलाला कडेवर घेतलेली तरुणी दूरवरून येणाऱ्या पित्याकडे बोट दाखवीत आहे. शेजारी कुत्राही त्याच दिशेने पाहतो. नमुना म्हणून चित्रकाराची स्वतःची कन्या व नातू आहेत. केरळमधील ज्या मातृवंशीय समाजात हे चित्र घडले, तेथे मूल आईच्या घराण्यात वाढे आणि मामा हा कुटुंबाचा कर्ता असे. इंग्रजी शिकलेल्या तरुण पिढीने ह्या पद्धतीविरुद्ध त्याच सुमारास कायद्याची मागणी चालविली होती. पती, पत्नी व मूल अशा नव्या कुटुंबाचे हे चित्र मुलाच्या निमित्ताने उभे राहते. पिता मात्र चित्रात नाही. कॉलिन्सच्या घोडेस्वाराप्रमाणे तो चौकटीबाहेर आहे, आणि येथे त्याची सावलीही दाखविलेली नाही.